राक्षसाची बाटली

"हिला जरा उजळा," मालक म्हणाले आणि मुखपृष्ठाचं चित्र त्यांनी रंगबाईंच्या टेबलावर परत ठेवलं. "बाकी सगळं झकास आहे. पोरगी पाण्यात, पाठीवर बुडणारा खलाशी, समोर ऑक्टोपस. फक्त तिचा चेहरा उजळा. वाचक मुखपृष्ठ बघून पैसे काढतो."

रंगबाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी मुलांच्या चित्रकथांच्या त्या मासिकात शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या रंगबाई. चित्रकार काळ्या शाईने रेघा मारून मोकळा व्हायचा, आणि त्या रेघांत जीव येईपर्यंत रंग भरायचं काम बाईंचं. टेबलावर बाटल्यांची रांग होती. त्यातल्या फिक्या गुलाबी बाटलीला सगळे 'अंगाचा रंग' म्हणत, जणू जगात अंग म्हणून तेवढंच असतं. शेजारच्या गडद तपकिरी बाटलीचं नाव होतं 'राक्षस'. राक्षस, चोर, चाचे आणि फारच झालं तर ओझी वाहणारे हमाल त्या बाटलीतून निघत. हा रंग बाई स्वतः कालवत, आणि तो जमला की नाही हे बघायची त्यांची रीत अगदी सोपी होती. ब्रशचा एक ठिपका मनगटावर द्यायचा. ठिपका दिसेनासा झाला की राक्षस तयार.

यावर त्या स्वतःच हसायच्या. पोटासाठी माणूस काय काय हसण्यावारी नेतो. गोदीपासून कारखान्यांपर्यंतचं अर्धं शहर बाईंच्याच वर्णाचं होतं, पण त्यातलं एकही भलं माणूस त्या मासिकात कधी छापून आलं नव्हतं.

या महिन्यात 'पाणबुडी' नावाची नवी नायिका आली. लेखकाने लिहिलं होतं, गोदीतल्या कामगाराची मुलगी. ती कोणत्या रंगाची हे सांगावंसं लेखकाला वाटलं नाही आणि विचारावंसं चित्रकाराला वाटलं नाही. बाईंनी कोणालाही न विचारता तपकिरी बाटली उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाटलीतून एक हसरा चेहरा बाहेर आला, आणि बाई हातातला ब्रश वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

म्हणूनच आता त्या म्हणाल्या, "नाही उजळणार."

खोलीतल्या माना वळल्या. बाईंना आपला आवाज आपलाच वाटेना.

मालक तसे वाईट नव्हते. ते खुर्ची ओढून बसले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. "बाई, मला काळं-गोरं काही नाही हो. वाचकाला आहे. गोरा वाचक हिला हात लावणार नाही. आणि तुमच्याकडचा तर आपलं मासिक वाचतच नाही."

"कशाला वाचेल? दर महिन्याला शेवटच्या पानावर मरायला?"

मालकांनी कपाळ चोळलं. बराच वेळ चोळलं. मग म्हणाले, ठीक आहे, एक अंक असाच जाऊ दे. न विकता परत आला तर पुढच्या अंकापासून पोरगी गोरी होईल, आणि बाईंनी या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. बाईंनी मान डोलावली. एक घाव दोन तुकडे झालेलं बरं, असं त्यांना वाटलं. घरी धाकट्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, तू नोकरी सांभाळ, नायिका सांभाळू नकोस."

अंक निघाला, आणि पंधरवडा सरायच्या आत गठ्ठे परत येऊ लागले. कचेरीच्या बोळात त्यांची चळत उभी राहिली. मालकांनी टोमणा मारला नाही. "प्रयत्न केला ना आपण, झालं तर," एवढंच म्हणाले, आणि ते बाईंना टोमण्यापेक्षा जास्त लागलं. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ टेबलावर आलं होतं. बाईंनी गुलाबी बाटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं, आणि डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून चहाच्या निमित्ताने बाहेर पडल्या.

बोळात एका गठ्ठ्याला त्यांचा पाय अडखळला. दोष गठ्ठ्याला द्यावा म्हणून त्यांनी खाली बघितलं, आणि बघतच राहिल्या. दोरीची गाठ जशीच्या तशी होती, आपल्याच कामगाराने मारलेली. दुसरा गठ्ठा बघितला, तिसरा बघितला. एकही सोडलेला नव्हता. अंक विकला गेला नव्हता हे खरंच होतं, पण तो विकायला कोणी मांडलाच नव्हता.

बाईंनी एक गठ्ठा उचलून कडेवर घेतला आणि तशाच चालत बसस्थानकाबाहेरच्या स्टॉलवर गेल्या. गठ्ठ्याला लावलेल्या चिठ्ठीवर त्याच स्टॉलचं नाव होतं.

स्टॉलवाला शांतपणे म्हणाला, "बाई, इतकी वर्षं धंदा करतोय. या रंगाचं कोणी घेत नाही. आपलेच लोक घेत नाहीत." हे सांगणारा स्वतः बाईंच्याच बाटलीतून निघाल्यासारखा होता.

"किती जणांनी नको म्हटलं?"

त्याने जरा विचार केला. "विचारलं कुठे कोणाला?"

बाईंनी दोरी सोडली. सिनेमाची मासिकं बाजूला सारून त्यांनी पाणबुडीला पुढच्या तारेवर टांगलं आणि स्टूल ओढून बसल्या. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग आईचा हात धरून एक गोरा मुलगा आला. त्याने मुखपृष्ठाकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "यात ऑक्टोपस मरतो का?"

"वाचल्यावर कळेल," बाई म्हणाल्या. मुलाला नायिकेच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि आईला मुलाने गप्प बसावं एवढंच हवं होतं. तिने पैसे काढले.

दुपारी शाळा सुटल्यावर गोदीकडच्या दोन मुली समोरून गेल्या. पुढे जाऊन थांबल्या आणि मागे आल्या. मोठीने चित्राकडे बोट दाखवलं. "ही हिरोईन आहे? खरीखुरी?"

"खरीखुरी."

"शेवटी मरत नाही ना?"

"नाही मरत. पुढच्या महिन्यातही येणार आहे," बाईंनी ठणकावून सांगितलं. मालकांनी तसं काही ठरवलेलं नव्हतं, पण ते बघून घेता येईल असं त्यांना वाटलं.

दोघींनी मिळून एक अंक घेतला, रस्त्यातच वाचला, आणि थोड्या वेळाने अर्धा वर्ग घेऊन परत आल्या. संध्याकाळपर्यंत तार रिकामी झाली. "दुसरा गठ्ठा कधी देता?" स्टॉलवाल्याने विचारलं. एक अंक त्याने घडी करून आधीच खिशात टाकला होता, पोरीसाठी म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मालकांना बोळात नेऊन गाठी दाखवल्या. मालकांनी एक-दोन गाठी स्वतः ओढून बघितल्या. मग स्टॉलवर अंक समोर मांडून घ्यायला त्यांनी माणूस धाडला, गठ्ठे आले तसे पुन्हा बाहेर गेले, आणि या वेळी रिकाम्या हाती यायची पाळी माणसावर आली. महिनाअखेरीला अंक पुन्हा छापावा लागला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मालक भेटेल त्याला सांगू लागले, मी तर पहिल्यापासून म्हणत होतो. बाईंनी त्यांना ते सुख घेऊ दिलं. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं. त्यांनी आपल्या टेबलावरची 'राक्षस' ही चिठ्ठी तेवढी खरवडून काढली आणि तिथे 'अंगाचा रंग' असं लिहिलं. आता त्या नावाच्या दोन बाटल्या झाल्या, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कोणती घेऊ हे विचारावं लागू लागलं. राक्षस हिरवे झाले. तक्रार एकाही वाचकाने केली नाही.

त्या संध्याकाळी बाई उजळ माथ्याने घरी निघाल्या. वाटेतल्या बागेत मुली पाणबुडी-पाणबुडी खेळत होत्या. बाकावर एक गोरी मुलगी हुंदके देत बसली होती. काय झालं म्हणून बाईंनी विचारलं.

"त्या म्हणतात, मी पाणबुडी होऊ शकत नाही. मी तशी दिसत नाही."

बाई चपापल्या. हे रडणं त्यांना आतून-बाहेरून पाठ होतं, पण ते या बाजूने ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तेवढ्यात खेळातली पाणबुडी धावत आली, सावळी, घामाघूम, खांद्याला टॉवेल बांधलेला. तिने रडणारीकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि जरा विचार केला.

"होऊ दे तिलाही," ती म्हणाली. "पण माझ्यानंतर."

गोऱ्या मुलीने डोळे पुसले आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.