तुम्ही स्वतः काय केलंत?

खोक्याच्या झाकणावर नारळाच्या दुधाचा ओघळ सुकला होता आणि आसेनाती मघापासून त्याच्याकडेच बघत होती. आत गोड पाव, अजून कोमट असणार... परीक्षकानं उमेदवाराकडून काही घ्यायचं नाही हा कॉलेजचा नियम, आणि पाद्रीसाहेबांच्या बायकोनं आणलेलं परत करायचं नाही हा आईचा. खोकं कुणाचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

समोर उमेदवार, सिनिवा. तिच्या शेजारी, खरं तर जरा पुढेच, पाद्रीसाहेबांची पत्नी. चर्चमधले सगळे त्यांना फालेतुआ म्हणतात आणि त्या खोलीत आल्या की उभे राहतात. आसेनातीही उभी राहिली होती.

‘एकटीला कशी पाठवू?’ फालेतुआ आल्या आल्या म्हणाल्या होत्या. ‘परकी खुर्ची दिसली की हिची वाचाच बसते. चर्चमध्ये गाताना मात्र छप्पर उडवते.’ मग आसेनातीकडे वळून, ‘तू सालेलोलोगा गावच्या लेउताची ना गं? तरीच! नाक तेच.’

चर्चच्या आवारातली बालवाडी कित्येक वर्षं सिनिवाच चालवते. आता पदविकेशिवाय वर्गावर उभं राहायचं नाही असं ठरलंय. अनुभव धरून पहिल्या वर्षाचे क्रेडिट मिळाले तर ती यंदाच सुटेल. नाहीतर सगळे विषय मुळापासून, आणि तोवर तिची बालवाडीतली मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. मुलाखत ध्वनिमुद्रित होत होती. दुसरा परीक्षक ती ऐकणार. उमेदवारानं तोंडानं सांगितलं नाही ते झालंच नाही असं धरायचं.

‘एखादं मूल बोलतच नसेल, तर तुम्ही स्वतः काय केलंत?’

सिनिवानं मान खाली घातली. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. फालेतुआंनी वाट दाखवली.’

‘देवाची कृपा,’ फालेतुआ म्हणाल्या, खूश होऊन.

...पण आसेनातीनं पाहिलं होतं, गेल्या आठवड्यात पाहणीला गेली तेव्हा — ते मुकं मुकं पोर, सिनिवा त्याच्यासमोर पत्र्याचा डबा वाजवणारी, थांबणारी, पुन्हा वाजवणारी, आणि त्या थांबण्यात पोरानं हळूच घातलेला हुंकार. फालेतुआ तेव्हा आत चहा पीत होत्या. पाहणीनं अर्धंच काम होतं. तसं का थांबलीस, हे सिनिवानं सांगायला हवं होतं. आणि वडीलधाऱ्या बाईसमोर ‘हे मी केलं’ म्हणायचं? आपल्यात ते कुणाच्या जिभेवर येत नाही. आधाराला म्हणून आलेलं माणूसच तिच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता.

तिला आठवलं: आपल्या बेटावरच्या आपियाहून पदवी घेऊन या देशात आले तेव्हा मीही अशीच बसले होते. समोरचा माणूस फार सभ्य होता. त्यानं चहासुद्धा विचारला, आणि मग मला अठरा वर्षांच्या पोरींत पहिल्या वर्षाला बसवलं... राग त्या सभ्यपणाचाच आला होता.

फालेतुआंना बाहेर बसायला सांगायचं, एवढंच. एक वाक्य. पण रविवारपर्यंत ते मांगेरेच्या सगळ्या वस्तीत पोचलं असतं — लेउताच्या पोरीनं फालेतुआंना दार दाखवलं — आणि आईनं चर्चच्या पायरीवर कुठल्या तोंडानं कुणाकडे बघितलं असतं?

आसेनातीनं ध्वनिमुद्रणाचं यंत्र थांबवलं. ‘फालेतुआ, रागावू नका, पण...’

सिनिवानं मान वर केली आणि हलवली. अगदी थोडी. नको.

‘पण काय गं?’

‘पाणी देऊ का?’ आसेनाती म्हणाली.

तिला हायसं वाटलं. इतकं की खांदे खाली आले. उमेदवाराचीच इच्छा होती, तिचा मान राखायला हवा... यंत्र सुरू झालं, तिनं प्रश्न पुन्हा विचारला, ‘आम्ही सगळ्यांनी’ पुन्हा आलं, आणि अहवालातलं वाक्य डोक्यात आपोआप तयार झालं: उमेदवार स्वतःचं काम स्पष्ट करू शकली नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वाक्य किती सभ्य होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

सिनिवानं नको म्हटलं ते फालेतुआंसाठी. मी ऐकलं ते कुणासाठी?

‘झालं ना गं पोरी?’ फालेतुआंनी पर्स उचलत विचारलं.

सिनिवा आसेनातीकडे बघत होती, अगदी विश्वासानं. हो म्हणायला आसेनातीनं तोंड उघडलं, आणि ते तिला म्हणता येईना.