उन्हाळ्यातले कोट

लोकरीवर इस्त्री फिरली, की त्या वासानं आमच्या शिंपीदुकानात कधीच गेलेले माझे वडील, अण्णा, अजून येऊन बसतात. मी लहान असताना आमच्याकडचा गोळीबार थांबवायला परकं सैन्य आलं. "महिनाभरात जाऊ," त्यांचे शिपाई म्हणाले आणि भर उन्हाळ्यात लोकरी कोट शिवायला टाकले.

अण्णा म्हणाले, "महिनाभराला लोकर कशाला रे? मुक्कामाला आलेत लेकाचे!"

गोळीबार थांबला, हे खरं. पण ते परतले तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं, आणि कित्येक कोट न्यायला कुणी आलंच नव्हतं.

आता आपल्या सैन्यानं शेजारच्या देशात जावं का, यावर गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर येतात. काल फौजेतला माझा लेक आला.

"महिनाभराचंच काम आहे, बाबा."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याच्या काखेत लोकरी कापड होतं.