चौथी वाडी

नोकरीची बत्तीस वर्षं गोपाळकृष्णांनी तालुक्याच्या कचेरीत कागद लिहिण्यात घालवली होती. कोणाचंही मन न दुखवता नकार कसा लिहावा, ते त्यांच्याकडून शिकावं. निवृत्त होऊन ते हेदवीच्या आतल्या बाजूला आपल्या लहानशा गावी राहायला आले, तेव्हापासून अवघड टिपण लिहायचं झालं की देवस्थान समितीची माणसं त्यांच्या पडवीत येऊन बसत. त्यांनाही ते आवडे.

या वेळचा प्रश्न गाडीचा होता. आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायला गावात वाहन नव्हतं आणि मुंबईतल्या गावकऱ्यांनी त्यासाठी वर्गणी जमवली होती. गाडी विकत घ्यायची की कराराने भाड्याची ठेवायची, एवढंच ठरायचं होतं. सगळ्यांचा कल विकत घेण्याकडे होता. मग सभेत अध्यक्षांनी हळूच शंका काढली, "विकत घेतली तर कागदावर समस्त ग्रामस्थ असं नाव लागणार. म्हणजे तळवाडीसुद्धा आली."

तळवाडी ही गावातली दलितांची वस्ती. तिथला माणूस ज्या जागेवर बसला तिथे उद्या आपल्या घरच्यांनी बसायचं, ही गोष्ट मनात सगळ्यांच्या होती, तोंडाने बोलायची कोणालाच नव्हती. जात पाळायची, पण तिचं नाव घ्यायचं नाही, एवढीच काय ती सुधारणा या गावात झालेली होती.

मार्ग गोपाळकृष्णांनी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून त्यांनी टिपण लिहिलं. गाडी घेतली तर विमा, दुरुस्ती, चालकाचा पगार, सगळं गावाच्या गळ्यात पडेल. त्यापेक्षा शेजारच्या गावातल्या लवूची भाड्याची गाडी अकरा महिन्यांच्या कराराने ठेवावी आणि देवळासमोर उभी करावी. शेवटी एक अट घातली. पुढचा रस्ता अरुंद असल्याने गाडी वरची वाडी, मधली वाडी आणि देऊळवाडी एवढ्यांपुरतीच राहील. रस्ता खरोखरच अरुंद होता. तळवाडीची माणसं पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून देवळापर्यंत येऊ शकतात, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही.

समोर दहा पावलांवर तळवाडीचा भागोजी त्यांच्या अंगणाचा ढासळलेला दगडी गडगा रचत होता. चिरा जागेवर बसवता बसवता त्याने विचारलं, "भाऊंनू, गावात गाडी येतेय म्हनतात. खरा काय?"

"हो. दिवाळीनंतर."

"बरा झाला. आमची सून नवीन हाय. उद्या काय गरज लागली तर बरा पडेल."

गोपाळकृष्णांनी मान हलवली आणि कागद उलटा करून ठेवला. भागोजीला वाचता येत नव्हतं, तरीही ठेवला.

लवूची गाडी आली. वरच्या तिन्ही वाड्यांतली म्हातारी माणसं तिच्यातून दवाखान्यात जाऊन येऊ लागली. सगळे म्हणत, भाऊंनी झकास तोड काढली. असे दहा महिने गेले.

नवरात्राच्या आधीचा आठवडा होता. आनंदीबाईंनी नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि कुळथाचं पिठलं वाढायला डाव उचलला, तेवढ्यात फोन वाजला. लवू होता.

"भाऊ, भागोजीच्या सुनेला, ऋतिकाला कळा येतायत. खुर्चीत बसवून देवलापर्यंत आणलीय. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलीय. अध्यक्ष बाहेर हायत, फोन लागत नाय. नेऊ काय मी?"

'ने' म्हणायला किती वेळ लागतो? पण हो म्हटलं की अट मोडली, आणि ती मोडणारे आपण ठरलो, हा विचार गोपाळकृष्णांच्या मनात आधी आला. "थांब जरा. अध्यक्षांना विचारून सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा पुन्हा लावला. ताटातला भात गार झाला. आनंदीबाई डाव हातात धरून उभ्याच होत्या. अखेर त्या ओरडल्या, "अहो, विचारताय काय! पोरीचा जीव जाईल. हो म्हणा त्याला!"

गोपाळकृष्णांनी हो म्हटलं, तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेली होती. ऋतिका वाचली. तिची मुलगी वाचली नाही. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं लवूने संध्याकाळी येऊन सांगितलं. तो मान खाली घालून बोलत होता, जणू चूक त्याची होती.

दहाव्या दिवशी भागोजी पावसात पुन्हा ढासळलेला गडगा रचायला आला. पडवीच्या पायरीशी उभा राहून त्याने हात जोडले.

"समितीची अट मोडून तुमी हो बोललात, म्हनून सून तरी हाताला लागली. तुमचे उपकार हायत, भाऊंनू."

गोपाळकृष्णांना त्याच्यासमोर बसवेना. ते उठून माजघरात गेले. आनंदीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "ती अट कोणी लिहिली, ते त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग उपकार कसले घेताय?"

आयुष्यात त्यांनी कोणाचा पैसा खाल्ला नव्हता, कोणावर हात उगारला नव्हता. आपण सज्जन आहोत, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. त्या सज्जन माणसाने ताटावर बसून एका बाळाचा जीव जाऊ दिला होता. त्यांना स्वतःची किळस आली. ते अंगणात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "भागोजी, ती अट समितीची नव्हे. मी लिहिली. तू इथे गडगा रचत होतास, तेव्हाच लिहिली."

भागोजीने उचललेला चिरा खाली ठेवला. "तवा तुमी मान हलवलीत," एवढंच तो बोलला. त्याने हात झटकले आणि तो पाखाडी उतरून गेला. गडगा अर्धाच राहिला.

दिवाळी झाली. कराराची मुदत संपत आली, म्हणून देवळाच्या सभामंडपात सभा भरली. तळवाडीची चार माणसं खालच्या पायरीशी उभी होती, त्यात भागोजी होता. अध्यक्ष म्हणाले, "लवूबद्दल कोणाची तक्रार नाही. तोच मजकूर पुढे चालू ठेवू. भाऊ, वाचा."

गोपाळकृष्णांनी जुना करार बाजूला सारला आणि इतिवृत्ताची वही उघडली.

"गाडी विकत घ्यावी, असं मी सुचवतो. समस्त ग्रामस्थांच्या नावावर, चारही वाड्यांसाठी. ज्याचा विरोध असेल त्याने नाव आणि कारण सांगावं. मी शब्द न् शब्द लिहिणार आहे. या वेळी भाषा गोड करणार नाही."

कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "भाऊ, आम्ही कुठे काय म्हटलंय? अट तुमचीच होती."

"हो. म्हणून पहिलं नाव माझं."

त्यांनी लिहिलं आणि पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "गेल्या वर्षी तळवाडी मी जातीमुळे वगळली. रस्त्याचं कारण नुसतं दाखवायला होतं. त्यापायी भागोजीची नात गेली."

खाली त्यांनी दोनचा आकडा घातला आणि "विरोध असेल तर लिहा," म्हणत पेन अध्यक्षांपुढे धरलं. अध्यक्षांनी हात मागे घेतला. मग त्यांनी ते शेजारच्यापुढे धरलं, मग त्याच्या शेजारच्यापुढे. पेन कोणी घेतलं नाही, एकेकाची नजर खाली जात होती. पायरीवरून भागोजी सगळ्यांकडे बघत होता.