बादलीत वर ठेवलेला हातगळ

मी एक जुना हातगळ आहे आणि कित्येक वर्षे मी खोटी साक्ष दिली आहे. मित्रांनो, आपली ओळख अशी करून देणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण आज बाहेर जुगो सुटला आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या या ओल्या वाऱ्याने स्वयंपाकघराच्या दगडी भिंतींना पाणी सुटते, मीठ बरणीत भिजते आणि माणसे विनाकारण एकमेकांवर खेकसतात. अशा दिवशी मला गोड बोलता येत नाही.

माझा जन्म याच स्वयंपाकघराच्या टेबलावर झाला. गावचा पोस्टमन येर्को याने बुचाची एक चौकोनी पट्टी घेतली, तिच्या कडांना चाकूने खाचा पाडल्या आणि तिच्यावर बारीक दोरा गुंडाळला. टोकाला दोन लहान गळ बांधले आणि वाटाण्याएवढे शिसे अडकवले. मला काठी नाही आणि चाकही नाही. दोरा तर्जनीवरून सोडायचा, माशाने पहिला टोचा मारला की जीभ चावून गप्प बसायचे आणि दुसऱ्या टोच्याला हिसका द्यायचा, एवढीच माझी विद्या. मी तीन वाव, म्हणजे तीन पुरुष खोल पाण्यातला गडी. पाव आणि चीज मळून केलेली गोळी लावली की देवळामागच्या खाडीतले वीतभर चंदेरी मासे माझ्यावर तुटून पडत.

"मोठा गळ लावला म्हणून मासा मोठा होत नाही," येर्को म्हणायचा. "आधी तोंड कुणाचं ते ठरवा, मग गळ निवडा."

त्याची बायको दिंका ते मासे ऑलिव्ह तेलात तळायची आणि शेजारणींना सांगायची की नवऱ्याने जन्मात केलेली ही एकच धड वस्तू. मी खुंटीवर फुशारून जात असे.

पण माझ्या शेजारच्या खुंटीवर एक दांडगा होता. जाड दोरा, मुठीएवढे शिसे आणि जिवंत माकूळ, म्हणजे काळी शाई सोडणारा तो लिबलिबीत जीव, आमिष म्हणून अडकवायला दोन मोठे गळ. तो चाळीस वाव खोल पाण्यातला. होडी अगदी हळू चालवत त्याचे शिसे तळाच्या जरा वरून ओढत न्यायचे, म्हणजे खडकातला मोठा सुळेवाला मासा माकुळीवर झडप घालतो. येर्को निवृत्त झाला आणि त्याला या सुळेवाल्याचे वेड लागले. मी मागे पडलो. खरे सांगतो, मला त्या दांडग्याचा हेवा वाटायचा.

मग येर्कोने माझ्यासाठी नवे काम काढले. आमच्या बेटावर मासेमारीला निघालेल्याला कुठे चाललास म्हणून विचारत नाहीत. विचारले, तर तो खोटेच सांगतो, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मासा लागण्याची जागा बाप मुलालाही मरताना सांगतो, आधी नाही. येर्को तर एक पाऊल पुढे गेला. तो दांडग्याला बादलीच्या तळाशी, फडक्याखाली लपवी आणि सगळ्यांना दिसेल असे मला वर ठेवी. धक्क्यावरचे लोक मला पाहत आणि समजत, पोस्टमन आज उथळ पाण्यात, देवळामागे चालला. प्रत्यक्षात तो बेट वळून उघड्या टोकाला जाई. तिथे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि आडोसा असा कुठेच नाही. मित्रांनो, मला हे काम आवडले. अडगळीत पडण्यापेक्षा खोटे बोलणे बरे, असे मला वाटले.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ अशीच ओली होती. जुगो पुरता चढण्याआधी दोन-तीन तास सुळेवाला मासा हावरा होतो, असे आमच्याकडे मानतात. येर्कोने पहाटेच माकूळ पकडून ठेवली होती.

"भिंती रडायला लागल्यात, येर्को," दिंका म्हणाली. "आज राहू दे ना."

"देवळामागं कसला वारा लागतोय मला?" त्याने बादली उचलली. "जेवायला येतो. तेल तापवून ठेव."

धक्क्यावर त्याचा जन्माचा मित्र आणि जन्माचा स्पर्धक बेपो जाळे शिवत बसला होता. त्याने बादलीत डोकावून मला पाहिले. "काय पोस्टमन, आज पोराटोरांचा गळ घेतलास? म्हातारा झालास लेका!"

"झालो बाबा. उघडं पाणी आता हाडांना सोसत नाही," येर्को म्हणाला आणि होडीत बसताना माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याचा तो डोळा मी अजून विसरलेलो नाही.

उघड्या टोकाला पाणी शिशासारखे करडे होते. एक हात इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर जाड दोरा, असा येर्को कड्याच्या अंगाने हळूहळू जात होता. मासा लागला तो असा की होडीच मागे खेचली गेली. त्याने दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी दोरा धरला. तेवढ्यात होडी लाटेला आडवी झाली. एक लाट आत आली, इंजिन खोकले आणि बंद पडले. वाऱ्याने आम्हाला खडकावर नेऊन आदळले. होडी दोन कातळांच्या फटीत अडकली. दांडगा त्या माशाबरोबर खोल गेला. येर्को वरच्या कातळावर चढला, अंगातला सदरा काढला आणि हलवू लागला.

दुपारपर्यंत तो सदरा हलवत होता. कोणीही बेट वळून आले असते, तर त्याला दिसला असता. इकडे घरी काय झाले ते मला नंतर दिंकाच्याच तोंडून कळले. तिने तेल तापवले होते. बारा वाजले तेव्हा ती धावत धक्क्यावर गेली. बेपो म्हणाला, "घाबरू नकोस, मी गळ बघितलाय त्याचा. देवळामागेच आहे." त्याने देवळामागची खाडी दोनदा पालथी घातली. दिंका घरी येऊन भिंतीशी उभी राहिली. माझी खुंटी रिकामी होती. दांडग्याचीही खुंटी रिकामी होती. तेव्हा ती ओरडत परत धक्क्याकडे पळाली.

बेपो उघड्या टोकाला पोहोचला तेव्हा कातळावरून लाटा जात होत्या. त्याला होडी मिळाली आणि बादलीत मी मिळालो, अगदी वर, जसा ठेवला होता तसा. येर्को मिळाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दिंकाने मला जाळले नाही. मला पुन्हा खुंटीवर टांगले आणि दाराशी एक पितळी ताटली मांडली. पुरुष पेठेतल्या कॉफीच्या टपरीत जमले होते, तिथे जाऊन ती म्हणाली, "धक्क्यावर हवं तेवढं खोटं बोला. पण जे शिसं नेणार, त्याच्या जोडीचं शिसं माझ्या ताटलीत टाकून जा. मला वजनावरून पाणी कळतं. मी कुणाला सांगणार नाही. परत आलात की घेऊन जा."

तेव्हापासून सगळे येतात. सर्वांत आधी बेपो येई, कॉफी पिई आणि येर्कोची एखादी थाप सांगून तिला हसवी.

आज सकाळी बेपोने कॉफी घेतली नाही. वाटाण्याएवढे शिसे ताटलीत टाकले, "देवळामागं जातोय" एवढेच पुटपुटला आणि मान खाली घालून निघाला. मी खिडकीतून त्याची बादली पाहिली. तिच्यात वर एक हातगळ ठेवला होता. ही चाल मी ओळखली. बेपोला त्या दिवशी होडी सापडली होती आणि होडीबरोबर येर्कोची मासा लागण्याची जागाही सापडली होती. मुठीएवढे शिसे तो दिंकाच्या डोळ्यांदेखत ताटलीत कसा टाकणार? लाज वाटली असणार त्याला.

मघाशी वारा वाढला, तशी दिंका ताटलीशी गेली. तिने ते बारके शिसे उचलून उजेडात धरले. त्याच्यावर काळ्या शाईचा अंगठा उमटला होता. ती माकुळीची शाई होती, आणि देवळामागे पावाच्या गोळीने मासे पकडणाऱ्याला माकूळ लागत नाही. तिने माझ्याकडे पाहिले. शिसे ताटलीत परत ठेवले आणि अनवाणी धक्क्यावरच्या माणसांकडे धावली.

"देवळामागं नका जाऊ रे! उघड्या टोकाला जा! उघड्या टोकाला!"

आत्ताच खाली दोन इंजिने सुरू झाली. आवाज बेट वळून गेला आणि वाऱ्यात बुडाला.

मित्रांनो, मासा कुठे लागतो ते खुशाल लपवा. पण तुम्ही कुठे जाता ते घरातल्या एका माणसाला तरी खरे सांगून जा. मी इथून हलू शकत नाही. मला भिंतीवरून ओघळणारे पाणी दिसते आहे आणि ताटली दिसते आहे. तिच्यात एक शिसे आहे. ते न्यायला अजून कोणी आलेले नाही.