खालून पाहिलेली तीन शहरं

दुकानात फोन वाजला की समाधान दचकायचा. बायको परदेशात गेलेल्या माणसाची छाती फुगायला पाहिजे, त्याच्या बुधवारा मोहल्ल्यात तरी तसंच मानतात. हा मात्र भेदरलेला. आणि का नसावा? माणसानं खोटं बोलावं, पण बेतानं बोलावं. ह्यानं बोललेलं खोटं आता सिंगापूरला पोचलं होतं, आणि तिथं त्या खोट्याची नि त्याच्या बायकोची, रंजिताची, गाठ पडणार होती.

खोटं असं. समाधानचं बऱ्हाणपुरात खता-औषधांचं दुकान. चांगला माल उचलणाऱ्या दुकानदारांना कंपनी दरसाल परदेशात फिरवून आणते, आणि नेते जोडप्यानं. समाधान तीनदा जाऊन आला, तिन्ही वेळा एकटा. घरी सांगितलं, "बायकांना नेत नाहीत." तिकडे बाकीच्यांच्या बायका विचारायला लागल्या, वहिनी का नाही आल्या? तर सांगून मोकळा झाला, "तिला मिरगी आहे. फिट येते." मिरगी म्हटल्यावर कोणी खोदून विचारत नाही, उलट खांद्यावर हात ठेवतात. रंजिताला आयुष्यात साधी चक्कर आलेली नाही. पण तिला सोबत न्यायचं नव्हतं, एवढं खरं.

यंदा फासे उलटे पडले. सी.ए.च्या सांगण्यावरून दुकान रंजिताच्या नावावर केलेलं, म्हणून कंपनीचं आमंत्रणही तिच्याच नावानं आलं, सोबत नवरा. समाधान म्हणाला, हरकत नाही, मी बरोबर असलो की सांभाळून घेईन. तिला सांगितलं, "बायकांना न्यायला यंदाच सुरुवात झाली." तिचा पासपोर्ट नवा कोरा निघाला. आपला काढून पाहायचं मात्र ह्या शहाण्याला सुचलं नाही. निघायच्या आठवड्यात एजंटचा फोन, "भैया, तुमच्या पासपोर्टची मुदत संपत आली. तिकडे उतरूच देणार नाहीत. वहिनींचं तिकीट पक्कं, तुमचं कॅन्सल."

"मग तिचंही कॅन्सल करा," समाधान घाईघाईनं म्हणाला. पण भागाबाई, त्याची आई, दारातच उभी होती. "कॅन्सल कायले? तिनं काय पाप केलं? जाऊ दे तिले! इतके लोक आहेत सोबत." आता आईला काय सांगणार, की ते लोक आहेत म्हणूनच तर नको! दरसालचेच दुकानदार, त्यांच्या त्याच बायका. रंजिता गेली.

सिंगापूरहून पहिला व्हिडिओ फोन आला तेव्हा गल्ल्यावर तृप्ती, त्याची कॉलेजात जाणारी पोर, बसलेली होती. तिनंच मोबाईल समोर धरला. रंजिता एका बाकावर बसलेली होती आणि मागे भला मोठा पाळणा फिरत होता, आपल्या जत्रेतला त्याच्यापुढे खेळणं वाटावा एवढा.

"दिसू राहिले का मी?"

"तू तिथं काय करते? बाकीचे कुठं आहेत?"

"पाळण्यात गेले. मी बसली आपली. अहो, इथं म्हाताऱ्या बाया काम करतात! जेवणाच्या ठिकाणी एक होती, आईंपेक्षा म्हातारी, कंबर पार वाकलेली, पण ओठाला लाली लावलेली. मी माझं ताट उचलून द्यायला गेले तर माझा हात झटकला तिनं. तिचं काम मी केलेलं तिला नाही चाललं." रंजिता हसली, मग थांबली. "इथं सगळे माझी फार काळजी घेऊ राहिले."

समाधानच्या कानात शिट्टी वाजायला लागली. फार काळजी? धडधाकट बाईची कोण कशाला काळजी घेईल? म्हणजे कळलं. की नाही कळलं? कळलं असतं तर ती इतकी गोड हसली असती का?

"पापा, इतना पसीना क्यों?" तृप्ती म्हणाली.

"पंखा वाढव," समाधान म्हणाला.

त्या दिवशी त्यानं एकाच शेतकऱ्याला दोनदा औषध बांधून दिलं. खंडव्याच्या दुकानदार प्रभाकरला फोन करावा, त्याच्याकडून अंदाज घ्यावा, असं शंभरदा मनात आलं. तोही बायकोला घेऊन ह्याच टूरमध्ये होता. पण विचारणार काय? माझं खोटं उघडं पडलं का हो, असं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

दुसरा फोन क्वालालंपूरहून. ह्या वेळी भागाबाईही दुकानात आली होती. रंजिताच्या मागे डोंगर, डोंगरात गुहा, वर जाणाऱ्या रंगीत पायऱ्या आणि पायथ्याशी देवाची सोन्यासारखी चकचकीत उंच मूर्ती.

"कोणाचं देऊळ व माय?"

"कार्तिकस्वामीचं, आई."

"मग वर नाही गेली ते बरं केलं. बायका नाही घेत त्याचं दर्शन."

समाधानला आईचे पाय धरावेसे वाटले. चला, कारण सापडलं! पण रंजिता तेवढ्यावर थांबते होय? "इथं तर बायाच पुढे आहेत, आई. डोक्यावर दुधाचे हंडे, पायात चप्पल नाही, आणि भराभरा चढू राहिल्या. एक तर तुमच्या वयाची होती. मलाही जायचं होतं. दोन पायऱ्या चढली पण होती मी." ती क्षणभर वर पाहत राहिली. "निर्मलाताई म्हणाल्या, तू खालीच बस. बसली. माकडांनी एका गोऱ्या माणसाचा चष्मा पळवला, ते पाहत होती."

निर्मलाताई म्हणजे प्रभाकरची बायको. खांद्यावर पहिला हात तिनंच ठेवला होता. समाधाननं गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन बंद केला. गिऱ्हाईक कोणी आलेलं नव्हतं. भागाबाईनं रिकाम्या दुकानाकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं, आणि घरी निघून गेली.

बँकॉकहून ती नदीच्या धक्क्यावरून बोलली. बाकीचे बोटीत. ती एका फुलवालीजवळ स्टुलावर बसलेली, हातात कमळाची कळी. पाकळ्या एकेक करून आत कशा मुडपतात ते त्या बाईनं तिला शिकवलं होतं. भाषा दोघींची वेगळी, पण तिला आता ते जमत होतं. "आणि अहो, केळी भाजतात इथं! कोळशावर, बोटाएवढाली. आपल्याकडे जसोंडी गावापासून पुढं केळीच केळी, पण कधी कोणी भाजून खाल्ली?" तिनं कळी खाली ठेवली. "तुम्ही बसले होते ना या बोटीत? कसं वाटलं होतं?"

"चांगलं," समाधान म्हणाला.

"हो. फोटो दाखवले होते तुम्ही," रंजिता म्हणाली, आणि इकडचं तिकडचं बोलून तिनं फोन ठेवला.

मुंबईहून गाडी सकाळी बऱ्हाणपूरला लागली. समाधान प्लॅटफॉर्मवर उभा होता. रंजिता उतरली, तिच्या मागोमाग बॅगा देत दारात निर्मला आली. तिला पुढे खंडव्याला जायचं होतं.

"घ्या समाधानभाऊ, तुमची अमानत सुखरूप आणली! गुणाची आहे हो. वर नाही, पाण्यात नाही, कुठं म्हणून नाही. जिथं बसवलं तिथं बसली. आम्ही पाळीपाळीनं जवळ थांबायचो. आणि मी तर पर्समध्ये कांदा ठेवला होता, फिट आलीच तर हुंगवायला. गोळ्या चुकवू नका देऊ!"

गाडी हलली. निर्मला हात हलवत गेली. समाधाननं बॅगा उचलल्या, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

ऑटोत बसल्यावर त्यानं विचारलं, "कधी कळलं?"

"मुंबईलाच. विमानतळावर निर्मलाताईंनी मला पोटाशी धरलं आणि विचारलं, गोळ्या आणल्या ना?"

"मग तू काहीच बोलली कशी नाहीस?"

"काय बोलू? माझा नवरा खोटारडा आहे, असं? त्याच लोकांत तुमचा धंदा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकली. रोज त्यांच्यासमोर पोटदुखीची गोळी काढून खात होते मी, मिरगीची म्हणून!" तिचा आवाज फाटला. डोळे पुसायला तिनं पदर शोधला, पण अंगावर ड्रेस होता, मग हातानंच पुसले. "तीन शहरं पाहिली मी, तिन्ही बाकावर बसून. चढता येत नव्हतं का मला? पाय मोडले होते का माझे?"

"रंजू, चुकलं. पण आईसमोर नको काही. पाया पडतो तुझ्या."

"परक्यांत झाकलं," ती म्हणाली. "घरात नाही झाकणार."

घरी ओटा भरलेला होता. शेजारची धुरपदाबाई, गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी, तृप्ती, आणि मधोमध भागाबाई. चहा झाला, चॉकलेटं वाटली. रंजितानं ओठाला लाली लावलेल्या म्हातारीची गोष्ट पुन्हा सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या.

"आणि त्या मोठ्या पाळण्यात कशी नाही बसली?" धुरपदाबाईनं विचारलं. "फुकटात होतं ना सगळं?"

रंजितानं कप खाली ठेवला. "ते यांना विचारा."

सगळ्या माना समाधानकडे वळल्या.

"तिला उंचीची भीती वाटते," समाधान बोलून गेला. सवयीचं खोटं जिभेवरच बसलेलं असतं, बोलवावं लागत नाही.

"भीती? हिले?" भागाबाई उसळली. "अरे, तृप्ती पोटात होती तवा असीरगड पायी चढली ही! तूच बसला होता अर्ध्यात धापा टाकत. खरं बोल. पहिल्या फोनापासून पाहू राहिली मी तुले."

आता पळायला गल्ली उरली नव्हती. समाधाननं जमिनीकडे पाहत सांगितलं. मिरगी, फिट, तीन वर्षं, सगळं. तृप्ती "पापा!" एवढंच म्हणाली आणि आईला चिकटून बसली. धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला.

"पण कायले?" भागाबाईनं विचारलं.

"लाज वाटत होती."

"कशाची?"

समाधाननं रंजिताकडे पाहिलं. ती पुढे वाकून बसली होती. खोटं तिला ठाऊक होतं, पण त्याचं कारण तिलाही माहीत नव्हतं. प्रत्येक बाकावर तिनं तेच शोधलं होतं, आपल्यात असं काय आहे?

"खंडव्याला कंपनीचं पहिलं जेवण होतं," तो म्हणाला. "मोठं हॉटेल, सगळे बडे लोक. हिनं टेबलावरचे दोन गुलाबजाम रुमालात बांधले, तृप्तीसाठी. ते कंपनीच्या साहेबांनी पाहिलं, हिचा हात वर करून सगळ्यांना दाखवलं. सगळा हॉल हसला. तेव्हाच ठरवलं, हिला कुठं न्यायचं नाही."

रंजिताला ते जेवण चांगलं आठवत होतं. हॉल हसला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तिच्या शेजारच्या खुर्चीतून कोण हसलं होतं, तेही.

"मी तर नको म्हणत होते," ती म्हणाली. "तृप्तीसाठी बांधून घे, असं तुम्हीच सांगितलं होतं माझ्या कानात."