मिठात ठेवलेला फोन

डॉ. नेत्रा पाटीलने मोबाइल कम्प्युटिंगमध्ये पीएचडी केली, काही वर्षं तेच शिकवलं आणि मग पुसलेले, जळालेले, विहिरीत फेकलेले फोन बोलते करायच्या कामाला लागली. तिच्या अहवालावर माणसं आत जातात, बाहेर येतात. पेणजवळच्या खाडीकाठी, तिच्या गावात मात्र एवढंच माहीत, की दिनानाथची पुतणी मोबाइल रिपेरिंग करते.

म्हणून काकांचा फोन खाडीत पडल्यावर तिलाच बोलावलं. फोन मिठाच्या गोणीत होता.

"मिठात कशाला घातलात?"

"तांदलात घालतात ती शेरातली," सगुणाकाकी म्हणाली. "आपल्यात मासली मिठात, आंबा मिठात. पानी सुटतं."

पाणी सुटलं होतं. फोनमध्ये आता दुसरं काही सुटण्यासारखं उरलं नव्हतं.

काकांकडे उघाडीची राखण होती. उघाडी म्हणजे खारबांधातलं फळीचं दार. भरतीला ते लावायचं, नाहीतर खारं पाणी भातशेतात. परवा ते शिरलं. दिनानाथ विसरला, असं गावाचं म्हणणं. संध्याकाळच्या बैठकीत वडिलांपासून चालत आलेली राखण जाणार होती.

"मी लावलीवती. कुनीतरी उघरली," काका म्हणाले. "मी गेलो तवर पानी शिरलंवतं. अंधारात फोटू कारला न् फोन सटकला. चिखलात तो शोधंपरेंत उजाडलं."

नेत्राने फोन खोलला, धुतला, चिप काढून वाचली. दुपारी फोटो लॅपटॉपवर आला. फळी वर ओढलेली, तोंडाशी मासे धरायचं जाळं. काका निर्दोष. तिने फोटो मोठा केला. जाळं फाटलं होतं तिथे पिवळ्या परकराचं ठिगळ होतं.

काकांनी ठिगळ ओळखलं. "सगुने!"

"तुमीच बोललावते, जिताडा खाऊन किती दिस झालं," काकी कोळंबी सोलत म्हणाली. "फली लावाया जानार व्हती, डोला लागला."

"मंग गावला का?"

"परवा खाल्लात न. दोनदा वारून घेतलात."

पुरावा काकांनी रश्श्यासकट संपवला होता.

"नेत्रा, फोन मेला असं सांग."

"मेला नाहीये, काका."

"मंग मी मारतो."

बैठकीत काकांनी सांगितलं, "फोन गेला. फली लावाया मीच इसरलो."

"डॉक्टरीन झाली, न् यक फोन जमंना," बैठकीतला शेजारी तुकाराम म्हणाला. नेत्रा गप्प राहिली. कोर्टात हे तिला कधी जमलं नव्हतं.

राखण काढली. मग प्रश्न आला, द्यायची कुणाला? रात्री-अपरात्री भरतीला उठणार कोण? शेवटी सगुणाकाकीचं नाव एकमताने ठरलं.

"मना न्हाय जमायचं," काकी म्हणाली.

"अगं वैनी, गावात भरती-ओहोटी तुझ्याएवरी कुनाला ठाव हाय?" तुकाराम म्हणाला.

टाळ्या वाजल्या. काका खाली बघून वाजवत होते.