ट्रेव्हियनची बोटं

रविवारची पहिली मिस्सा आटोपून मी घरी येते, तेव्हा आमच्या चर्चमधल्या इतर बायकांचा दिवस मोकळा असतो. माझा तेव्हाच सुरू होतो. कॉलेज बघायला आलेली शाळकरी खेळाडू मुलं रविवारी आईबापांसह कोचच्या घरी न्याहारीला येतात, अशी इथली रीत आहे. कोच जुना असो की नवा, बिस्किटं, म्हणजे इकडचे मऊ, गरम पाव, कोचच्या बायकोनेच भाजायची. मुलगा आपल्या कॉलेजात यायचा की दुसऱ्याच्या, हे पुष्कळदा त्या टेबलावर ठरतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

माझ्या नवऱ्याला, वॉरनला, ही रीत ठाऊकच नव्हती. त्याचं सगळं आयुष्य अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक क्लबांत गेलं. तिथे खेळाडू क्लबचे मालक आणून द्यायचे. पगारी, लग्न झालेले, दाढ्या वाढवलेले बाप्ये. वॉरनने फक्त शिकवायचं, आणि ज्याला येत नाही त्याला खोलीत बोलावून घरी पाठवायचं. कुणाला ‘ये’ म्हणण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ‘जा’ म्हणणं मात्र अंगवळणी पडलेलं. मग एका हंगामात क्लबने त्यालाच ‘जा’ म्हटलं, आणि आम्ही लुइझियानातल्या या कॉलेजाच्या गावी आलो. मी त्याच्याबरोबर इतकी गावं बदललीत की पवित्र मरियेची मूर्ती ठेवण्यापुरता कोनाडा दिसला की मला घर लागलं असं वाटतं. या घरात कोनाडाही होता आणि मागे अंजिराचं झाडही. मी देवाजवळ सहसा काही मागत नाही. या घरासाठी मागितलं. इथेच म्हातारं होऊ दे, म्हटलं.

पहिला हंगाम वाईट गेला. वॉरनने क्लबातली डावांची जाडजूड वही जशीच्या तशी मुलांच्या हातात दिली. खाटकाच्या दुकानात लोक मला गाठायचे. “मिस डेल्फीन, कोचना सांगा हो, आमची पोरं गणिताचा पेपर देऊन मैदानावर येतात. त्यांना आणखी एक बायबल कशाला?” एका मुलाचा कुत्रा मेला, तो सरावात रडवेला झाला. वॉरन सवयीने म्हणाला, “डोकं इथे नसेल तर घरी जा.” पोर खरंच घरी गेलं. टेक्ससला. परत आलंच नाही. वॉरन दोन दिवस सगळ्यांना विचारत होता, “अरे, पण तो गेला का?”

हंगामाच्या शेवटी कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांनी गोड शब्दांत सांगितलं, की पुढचं वर्ष असंच गेलं तर सगळ्यांनाच अवघड होईल. ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला, हे मला बरोबर कळलं. वॉरनचा मदतनीस डूली, याच गावात वाढलेला, हसरा गडी. तो म्हणाला, “कोच, एक पोरगा आणू. अलाबामाचा. ट्रेव्हियन पेटवे. तो आला तर आपण वाचलो.”

ट्रेव्हियन चेंडू फेकणाऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहून त्याला सांभाळणारा. एवढा थोराड, की रविवारी न्याहारीला आला तेव्हा आमच्या दारातून तिरका होऊन आत शिरला. चेहरा मात्र अगदी लहान. बरोबर आई, वर्नेल. ती शाळेची बस चालवते. मोठ्या कॉलेजांचे कोच तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवून गेले होते, आणि प्रत्येक जण ट्रेव्हियनला पोटच्या मुलासारखं सांभाळीन म्हणाला होता.

“इतके बाप झालेत त्याला,” वर्नेल बिस्किटावर लोणी लावत म्हणाली, “की खरा कुठे गेला ते विचारायचीही सोय नाही.”

डूली मोठ्याने हसला. वॉरन हसला नाही. तो मुलाच्या ताटलीजवळच्या हातांकडे बघत होता.

“तुझा खेळ मी पाहिला,” तो म्हणाला. “तू जमिनीवर हात टेकून ओणवा बसतोस ना, तेव्हा पुढे मुसंडी मारायची असेल तर बोटांवर भार टाकतोस. नखं पांढरीफटक पडतात. मागे सरून फेकणाऱ्याला राखायचं असेल तेव्हा बोटं हलकी असतात. समोरच्याला डोळे असतील तर चेंडू सुटण्याआधीच त्याला डाव कळतो.”

ट्रेव्हियनने घास तसाच धरून ठेवला. “कुणाला कळलं नाही अजून.”

“मला कळलं.”

टेबलाखाली डूलीचा पाय हलला. तो चुकून माझ्या नडगीला लागला. “कोचना म्हणायचंय,” डूली घाईने म्हणाला, “की असा खेळाडू आम्ही बघितलेला नाही! पहिल्याच वर्षी मैदानात!”

“नाही,” वॉरन म्हणाला. “पहिलं वर्ष बसून बघायचं. दुसऱ्या वर्षी खेळेल.”

मुलाने बिस्किट ताटलीत ठेवलं ते परत उचललं नाही. वॉरनला यात काही वावगं वाटलं नसावं. दुसऱ्याचा दोष तोंडावर सांगणं हा त्याच्या जगात मान होता. ज्याच्यावर आशा नाही त्याला कोण सांगतं?

वर्नेल भांडी घेऊन माझ्यामागे आत आली. मी नको नको म्हणत असताना बाह्या सारून धुवायला लागली.

“माणूस बरा आहे तुमचा,” ती म्हणाली. “तोंडाचा कडू आहे, पण बरा.”

“त्याला गोड बोलता येत नाही हो.”

“गोड बोलणारे रांगेत उभे आहेत, बाई. मला एकच सांगा. माझं पोर इथे आलं, तर ते बाहेर पडेपर्यंत तुम्ही दोघं इथे असाल ना?”

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिला तेच ऐकायचं होतं. पण रोजची जपमाळ हातात घेताना मी एक नेम धरलाय, की जे पाळणं माझ्या हाती नाही ते कबूल करायचं नाही. मी नळ बंद केला.

“मला असायचंय,” मी म्हणाले. “पण वर्नेल, आम्ही आजवर मुक्काम ठरवला असं कधी झालं नाही. दुसरी माणसं ठरवतात. मी वचन दिलं तर ते खोटं असेल.”

तिने हातातली ताटली निथळायला ठेवली. “बाकीच्या कोचांच्या बायकांनी बायबलवर हात ठेवला होता,” ती म्हणाली, आणि ओल्या हाताने माझा दंड दाबला. “तुमच्याकडे पाठवायला आवडेल मला.”

निघताना तिने बिस्किटं कागदात गुंडाळून मागून घेतली. डूलीने अंगणात हात जोडून आकाशाकडे पाहिलं. “आई जिंकली, कोच! आई जिंकली की पोर आलंच.”

पण डोक्यावर टोपी मुलाला घालायची असते. मुलं आपलं कॉलेज जाहीर करतात त्या दिवशी अलाबामातल्या शाळेच्या सभागृहात टेबलावर एकेका कॉलेजची टोपी मांडली होती, आमचीही होती; जी उचलली ते कॉलेज ठरलं. आम्ही वॉरनच्या कार्यालयात टीव्हीवर बघत होतो. ट्रेव्हियनचा हात आमच्या टोपीवरून गेला आणि पलीकडची, आमच्या जुन्या वैऱ्यांची टोपी त्याने उचलली. सभागृह ओरडलं. वर्नेल टाळ्या वाजवत नव्हती. ती मांडीवरची पर्स सरळ करत होती.

डूली भिंतीला टेकला. “तिकडे त्याला पहिल्याच वर्षी खेळवणार म्हणालेत. आणि तो देखणा आहे असंही म्हणाले असतील.”

“सतरा वर्षांचा आहे,” वॉरन म्हणाला. “मीही तिकडेच गेलो असतो.” त्याने टीव्ही बंद केला आणि सरावाला गेला. मी त्या दिवसापासून जपमाळेत ट्रेव्हियनचंही नाव घ्यायला लागले. मागे मागितलेल्या घरासाठी काही बोलले नाही. एकदा मागितलेलं पुन्हा मागणं म्हणजे तगादा.

दुसऱ्या हंगामात वही निम्मी झाली. वॉरन सरावाआधी मुलांना विचारायला लागला, परीक्षा कशी गेली. विचारायचा असा, की जणू तारीख वेळ नोंदवतोय. पण विचारायचा. काही सामने जिंकलो, काही हातचे घालवले. शेवटचा सामना नेहमीप्रमाणे त्या जुन्या वैऱ्यांशी, आणि क्रीडाप्रमुखांनी या वेळी गोड शब्द वापरले नाहीत. हा जिंका, म्हणाले.

ट्रेव्हियन तिकडे खरंच पहिल्याच वर्षी खेळत होता. त्या आठवड्यात डूली त्याच्या सामन्यांची चित्रफीत घेऊन घरी आला, लहान मुलासारखा उड्या मारत. “कोच, बघा! बोटं! अजून तशीच! मुसंडीच्या वेळी पांढरी, राखायच्या वेळी हलकी. एका सामन्यातही चूक नाही.”

वॉरनने बराच वेळ पाहिलं. “ऐकलं नाही पोराने,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला वाईट वाटल्यासारखं ऐकू आलं. मग त्याने सोडलेला श्वास कोचचा होता. “आपल्या पोरांना सांग. नखांवर नजर ठेवा.”

डूली गेल्यावर मी म्हणाले, “आपल्या पानावर बसलेला मुलगा आहे तो.”

“डेल्फीन, हा धंदा आहे.”

“हे कॉलेज आहे.”

त्याने चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

सामना थंडीतला होता. मी बायकांच्या रांगेत मांडीवर जपमाळ घेऊन बसले होते. नखांची युक्ती चालत होती, ते लांबूनही कळत होतं. आमची मुलं प्रत्येक वेळी एक पाऊल आधी पोचत होती. शेजारची बाई माझ्या पाठीत थापा मारत होती. अगदी शेवटी आम्ही थोडक्यात पुढे होतो, आणि त्यांना आमच्या हद्दीत थोडंसंच अंतर कापायचं होतं. एकच डाव उरला होता.

ट्रेव्हियन ओणवा बसला. वॉरनने नंतर मला सांगितलं, की नखं खडूसारखी पांढरी होती. आमची सगळी मुलं मुसंडी अडवायला एकदम आत घुसली. आणि ट्रेव्हियन मागे सरला. अलगद, पाहुण्याने खुर्ची मागे घ्यावी तसा. समोर कुणी उरलंच नाही. चेंडू आमच्या मुलांच्या डोक्यांवरून गेला आणि पलीकडे मोकळ्या उभ्या असलेल्या त्यांच्या एकाच्या हातात पडला.

आम्ही हरलो. मी वॉरनकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. त्याला काही झालं की काय म्हणून मी उठले. तो हसत होता. या गावात आल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

खाली मैदानाच्या कडेला ट्रेव्हियन शिरस्त्राण हातात घेऊन त्याच्याकडे आला. मागे वर्नेल, अंगावर त्यांचे रंग, पण खांदे पडलेले.

“पूर्ण हंगाम?” वॉरनने विचारलं.

“हो सर. पहिल्या सामन्यापासून मुद्दाम. तुम्ही बघत असाल म्हटलं.”

“दुसऱ्या कुणी पकडलं नाही?”

“दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं, सर.”

“तुझ्या कोचला?”

मुलगा जरा घुटमळला. “ते म्हणतात, माझ्यात दोषच नाही.”

वॉरनने मान हलवली. “डावा पाय उशिरा पडतो तुझा.”

“हो सर,” ट्रेव्हियन म्हणाला, आणि खाली पायाकडे बघितलं.

वर्नेलने मला जवळ घेतलं. “तुम्ही कबूल केलं नाहीत ते बरं केलंत,” ती कानात म्हणाली. “आता तुम्हाला जावं लागणार, तेही माझ्याच पोरामुळे. वचन दिलं असतंत, तर ते मोडलंत म्हणून तुमचा राग केला असता. आता कुणाचा करू?”

सोमवारी क्रीडाप्रमुखांनी वॉरनला बोलावलं. त्याला ते खोलीत बसवून सांगणं कसं असतं ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्याने त्यांना बोलायला त्रास दिला नाही. आभार मानून घरी आला. मरियेची मूर्ती मी शेवटच्या खोक्यासाठी ठेवली, नेहमीप्रमाणे. डूली अंजिराच्या झाडाखाली उभा राहून आमच्यापेक्षा जास्त रडला.

“मला जमलं नाही इथे,” वॉरन म्हणाला.

“एकाला शिकवलंस.”

“तो दुसऱ्यांचा होता.”

“शिकवलंस तेव्हा आपल्या टेबलावर होता,” मी म्हणाले. त्याचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालं नव्हतं.

त्या रविवारी मिस्सा करून आले आणि हात सवयीने चालले. पीठ किती घेतलं ते बिस्किटं भट्टीतून काढल्यावर कळलं. दोन ट्रे भरून, आणि खाणारी आम्ही दोघं. वॉरन टेबलापाशी बसला होता. त्याने पाच बोटं टेबलावर टेकवली होती, जोर द्यायचा, सोडायचा, आणि नखांचा रंग बघायचा.

मी ताटली पुढे केली.

“हात उचल,” मी म्हणाले. “गरम आहे.”